क्वेकर मंडळी अडीअडचणीत एकमेकांना कसं सांभाळतात? आमच्या भजनी मंडळासाठी विचारतेय

मंदा_इंदिरानगर

नमस्कार. प्रश्न जरा लांबचा आहे, म्हणून आधी काय घडलं ते सांगते.

इंदिरानगरला आमचं बुधवारचं भजनी मंडळ आहे. आम्ही बावीस जणी, चौदा वर्षं झाली. हरिपाठ, दोन-तीन अभंग, आरती, चहा आणि आपापल्या घरी. दिवाळीनंतर आमच्यातल्या एकीच्या मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. कळल्याबरोबर आम्ही दोन दिवसांत अकरा हजार रुपये जमवले. पुढच्या बुधवारी ती आली, तेव्हा आरती झाल्यावर सगळ्यांसमोर पाकीट तिच्या हातात दिलं. एकीने फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाकीट द्यायला पुढे मीच होते. फोटोत मी हसतेय आणि ती खाली बघतेय. त्या दिवसापासून ती मंडळात आलेली नाही. अडीच महिने झाले. फोन केला की "हो, येईन गं" म्हणते आणि ठेवते. मला आता तो फोटो बघवत नाही.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये लँकेस्टरला असते. मागच्या वर्षी तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, मला व्हिसा मिळेपर्यंत उशीर झाला. ती ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या बाई क्वेकर आहेत, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका पंथाच्या. ही पण अधूनमधून त्यांच्याबरोबर रविवारी जाऊन बसते. ती म्हणाली, "आई, तीन आठवडे रोज कुणी ना कुणी येऊन जायचं, पण घरात पाहुणे आलेत असं एकदाही वाटलं नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

हे लोक नेमकं करतात काय? कोण ठरवतं, कोण जातं, पैसे कसे देतात? कुणाला जवळून माहीत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

गोदाकाठ

ताई, राग मानू नका, पण आधी हे बघून घ्या की अशा मदतीमागे धर्मांतराचा हेतू तर नाही ना. मुलगी एकटी आहे तिकडे. आणि दुसऱ्याला सांभाळायचं शिकायला इंग्लंडपर्यंत कशाला जायचं? गाडगेबाबांनी आपल्या नाशकातच धर्मशाळा बांधली, कुणाला जात विचारली नाही.

शरणपूरकर

मी शरणपूरचा, ख्रिस्ती. आमची वस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवली. आफ्रिकेतल्या गुलामीतून सोडवलेली मुलंसुद्धा इथल्या शाळेत शिकली. आम्ही क्वेकर नाही, आमचा पंथ वेगळा. पण मंडळी, म्हणजे एका चर्चचा समुदाय, काय असते ते घरातच बघत आलोय, म्हणून फरक सांगू शकतो.

आमच्याकडे पाळक असतात. कुणी आजारी पडलं की पाळकसाहेब घरभेटीला येतात, प्रार्थना करतात, रविवारी उपासनेत त्या माणसाचं नाव घेतात. क्वेकरांच्या मूळ पद्धतीत पाळकच नाही. वेदी नाही, बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजनाचा विधी नाही. (केनियात क्वेकर सगळ्यात जास्त आहेत, तिकडे बहुतेक ठिकाणी पाळक असतात. इंग्लंडमध्ये नाही.) मग पाळकाचं काम कुणी करायचं? तर सगळ्यांनी मिळून. आमच्याकडे काही झालं की आम्ही "पाळकसाहेबांना कळवलं का?" असं विचारतो आणि आपलं काम झालं असं समजतो. त्यांना ती सोय नाही.

ही सवय त्यांना लागली ती छळामुळे. जॉर्ज फॉक्सने १६५० च्या आसपास हा पंथ उभा केला. १६६४ मध्ये इंग्लंडात कायदा झाला की घरच्यांखेरीज पाचपेक्षा जास्त माणसांनी सरकारी चर्चबाहेर उपासनेला जमायचं नाही. हे लोक जमत राहिले आणि हजारोंनी तुरुंगात गेले. त्या काळच्या तुरुंगात कैद्याच्या पोटापाण्याचा खर्च त्याच्याच माथी. म्हणजे बाहेरच्यांनी डबा पोहोचवला नाही तर आतला उपाशी. आणि कमावता माणूस आत, तर घरात चूल कशी पेटणार? म्हणून गावोगावच्या मंडळ्यांनी कोण आत आहे, घरी कोण उरलंय, काय जप्त झालं, हे वहीत लिहायला सुरुवात केली. १६७५ पासून लंडनला त्यासाठी एक सभाच बसू लागली, तिचं नावच 'मीटिंग फॉर सफरिंग्ज', म्हणजे दुःखांची सभा. पुढे तीनशेहून जास्त वर्षं ती त्याच नावाने चालली. ब्रिस्टलला १६८२ मध्ये मोठी माणसं सगळी तुरुंगात गेली, तर मुलांनी उपासना चालू ठेवली.

गोदाकाठ, तुमची शंका रास्त आहे, पण जिथे बाप्तिस्माच देत नाहीत तिथे ती थोडी कमी करा. आणि आपल्याकडेही हे लोक नवे नाहीत. होशंगाबाद-इटारसीकडे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. १९४७ चं शांततेचं नोबेल त्यांच्याच दोन सेवासंस्थांना मिळालं, एक ब्रिटनमधली, एक अमेरिकेतली.

सिस्टर_जेलरोड

मंदाताई, तुमचं वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले.

मी नर्स. २००३ ते २०१४ बर्मिंगहॅमला नोकरी केली. मिस्टर इथे प्रेसमध्ये होते, व्हीआरएस घेऊन माझ्यासोबत आले. आमच्या समोरच्या घरात एक ८१ वर्षांच्या आजी राहायच्या, त्या क्वेकर. ड्युटी नसेल त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर जायचे. एक साधी खोली, गोलात खुर्च्या, मध्ये टेबलावर फुलं. तासभर सगळे गप्प बसतात. कुणाला आतून काही आलं तर तो उभा राहून चार वाक्यं बोलतो, बसतो, पुन्हा शांतता. शेवटी शेजारच्याशी हात मिळवायचा, मग सूचना, मग चहा. मी अकरा वर्षांत क्वेकर झाले नाही, मला कुणी विचारलंही नाही. तिथे सदस्य व्हायचं तर आपणच अर्ज करायचा असतो. माझ्यासारख्या नुसत्या येणाऱ्याला 'अटेंडर' म्हणतात. माझा देव्हारा घरी होता तसाच होता. हे गोदाकाठ यांच्यासाठी.

२०११ च्या ऑगस्टमध्ये मिस्टरांना घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशन सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे तीस वेळा. मी सुट्टी घेऊन घेऊन किती घेणार? मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. लागोपाठ तीन रविवार मी दिसले नाही, म्हणून एक बाई घरी आल्या. त्या आमच्या 'ओव्हरसियर' होत्या.

मंदाताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. त्यांच्यात 'एल्डर' असतात, ते उपासनेकडे बघतात. आणि ओव्हरसियर असतात, ते माणसांकडे बघतात. (हा शब्द आता बऱ्याच मंडळ्यांनी बदललाय, कारण गुलामांच्या मळ्यावरच्या मुकादमालाही तोच शब्द होता.) तीन वर्षांसाठी नेमणूक असते, मग दुसऱ्याची पाळी. आमच्या मंडळीत त्यांनी घरं वाटून घेतली होती, एकीकडे आठ, दुसरीकडे आठ. म्हणजे माझं न येणं कुणाच्या तरी लक्षात यावं अशी व्यवस्था होती. ते कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नव्हतं.

त्या बाई आल्या, बसल्या. "काही मदत लागली तर सांगा" असं म्हणाल्या नाहीत. नर्स म्हणून मी स्वतः हे वाक्य शेकडो नातेवाइकांना म्हटलंय, आणि कुणीही कधी काही सांगत नाही. त्यांनी विचारलं, "आठवड्यातला सगळ्यात अवघड दिवस कोणता?" मी म्हटलं, मंगळवार. मंगळवारी माझी लाँग डे, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंतची ड्युटी असायची, आणि रात्री कचऱ्याचे मोठे डबे रस्त्यावर नेऊन ठेवायचे असत. ते काम मिस्टरांचं होतं, आता त्यांना जमत नव्हतं आणि कुणाला सांगायची त्यांना लाज वाटायची. पुढच्या मंगळवारपासून डबे बाहेर जायला लागले. कोण नेतं ते मला महिनाभर कळलं नाही.

रेडिएशनच्या तीस फेऱ्या सात जणांनी वाटून घेतल्या. गाडीत गप्पा मारायच्या की नाही हे आधी मिस्टरांना विचारलं, ते "नको" म्हणाले, तर कुणीही मारल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात त्यांना गिळता येईना. एकीने माझ्याकडून भाताची पेज शिकून घेतली. तांदूळ किती भाजायचा, पाणी किती, मीठ शेवटी, तूप अगदी कोमट असताना. दर गुरुवारी जॅमच्या धुतलेल्या बरणीत तिची पेज यायची. झाकणाला कापड बांधलेलं. दार वाजवून, बरणी पायरीवर ठेवून ती निघून जायची, कारण त्या वेळी ते झोपलेले असायचे हे तिला माहीत होतं.

२०१२ च्या मार्चमध्ये ते गेले. मी अस्थी घेऊन नाशिकला आले, रामकुंडावर सगळं केलं. तेराव्यापर्यंत जेलरोडच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्याकडे माणुसकी कमी आहे असं मी कधीच म्हणणार नाही, त्या तेरा दिवसांत मला कुणी एकटं सोडलं नाही. चौदाव्या दिवशी मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. त्यानंतर आठवड्यात माझा फोन एकदाच वाजला, तोही त्याचाच, राहिलेल्या पैशांसाठी.

बर्मिंगहॅमला परत गेले, तर पहिल्या गुरुवारी पायरीवर बरणी होती. मी आजारी नव्हते, पण पेज होती. ती बरणी पुढे बरेच महिने येत राहिली. हळूहळू पेजेऐवजी सूप, मग कधी नुसते प्लम.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. मध्ये आमच्या ओव्हरसियर स्वतः आजारी पडल्या आणि पाच आठवडे माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. नेमकं त्यातच मिस्टरांचं पहिलं वर्षश्राद्ध आलं. मी फार चिडले होते, रविवारी जाणंच सोडलं. नंतर मंडळीच्या क्लार्कचं, म्हणजे सभा चालवून ठराव लिहिणाऱ्याचं, हाताने लिहिलेलं पत्र आलं. सबबी नव्हत्या. आमच्याकडून चूक झाली, तुमच्या घराची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे होती, ती आता दोघांकडे दिली आहे, एवढंच. तुमच्या मंडळात काही सुरू केलंत तर दोघींची जोडी करा, एकटीवर टाकू नका.

अजून एक गोष्ट सांगते, कारण तिचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. २०१४ मध्ये परत यावं की तिकडेच राहावं हे मला सुचेना. भाऊ म्हणायचा ये, मैत्रिणी म्हणायच्या पेन्शन होईपर्यंत थांब. तेव्हा ओव्हरसियर बाईंनी 'क्लिअरनेस' सुचवलं. जुना शब्द आहे. सतराव्या शतकात लग्नाआधी मंडळीतली माणसं खात्री करून घेत की दोघांपैकी कुणी दुसरीकडे शब्द दिलेला नाही ना, ते दोघे 'क्लिअर' आहेत ना. पुढे कुठल्याही अवघड निर्णयासाठी ही पद्धत वापरायला लागले.

माझ्या स्वयंपाकघरात पाच जण दोन तास बसले. नियम एकच, सल्ला द्यायचा नाही. "माझ्या बहिणीचंही असंच झालं होतं" हेसुद्धा म्हणायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचा, आणि तोही ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा. मी उत्तर दिलं की लगेच पुढचा प्रश्न नाही, थोडं थांबायचं. आपल्याकडे पाच माणसं दोन तास बसली आणि एकानेही सल्ला दिला नाही असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. बऱ्याच वेळाने एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही मघापासून 'जायला हवं' म्हणताय. त्या 'हवं'मध्ये काय आहे?" मी बोलायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. कुणी पाणी आणायला उठलं नाही, पाठ थोपटली नाही. सगळे तसेच बसून राहिले, माझ्याबरोबर. माझं रडणं थांबल्यावर मी म्हटलं, मला सकाळी उठल्यावर मराठी ऐकायचंय. हे मी तोपर्यंत स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांनी मी नाशिकला होते.

हिशेबी

सिस्टर, मनापासून लिहिलंत. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, म्हणून पैशांचं विचारतो. मदत गुप्त ठेवायची तर हिशेब कसा दाखवायचा? आमच्याकडे कोरोनात मदतनिधी काढला होता. कुणाला दिला ते सांगा असा सभेत आग्रह झाला, शेवटी नावं वाचावी लागली. त्यातल्या एका कुटुंबाने पुढच्या वर्षी घर विकलं. कारण तेच होतं असं म्हणत नाही, पण माझ्या मनाला ते लागून राहिलंय.

सिस्टर_जेलरोड

आमच्या मंडळीत त्यासाठी निधी वेगळा होता. नाव फक्त खजिनदार आणि दोन ओव्हरसियर यांना माहीत. वर्षाच्या सभेत आकडा वाचायचे, या निधीतून इतके पाउंड गेले, आणि दुसऱ्याच दोघांनी पावत्या तपासल्यात. बस. पैसे कुणाला गेले हे कुणी विचारत नसे, कारण ते न विचारणं हे आधीच सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. तुमच्याकडे ते आधी ठरलं नव्हतं, म्हणून तुमचा नाइलाज झाला. त्यात तुमचा दोष नाही.

मलाही पैसे मिळालेत. हॉस्पिटलच्या पार्किंगचे आणि टॅक्सीचे. पाकीट पोस्टाने आलं होतं. आत चिठ्ठी, की हे परत करायचं नाही, पुढे कधी जमलं तर त्याच निधीत टाका, नाव न लिहिता. दोन वर्षांनी मी टाकले.

आणि ठरवताना मतदान नसतं, हात वर करणं नाही. सगळ्यांचं ऐकून क्लार्क तिथल्या तिथे ठराव लिहून वाचतो, कुणाला पटत नसेल तर थांबतात, पुढच्या महिन्यात परत बसतात. वेळ लागतो. पण हरलेलं कुणी राहत नाही, म्हणून मागून कुजबुजही राहत नाही.

मंदाताई, मंडळाचं नंतर बघा. आधी तिच्याकडे जाऊन या. एकट्या जा, काही नेऊ नका.

मंदा_इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. काल दुपारी जाऊन आले.

हातात काही नसताना कुणाच्या दारात उभं राहायची मला सवय नाही, जिना चढतानाच कसंतरी झालं. तिसरा मजला, लिफ्ट महिनाभर बंद. मी आधी फोटोचं बोलले. माफी मागितली. ती म्हणाली, "पैसे नको होते असं नाही गं, लागलेच. पण तो फोटो कुणीतरी माझ्या नणंदेला पाठवला." एवढंच. मग आम्ही दोघीही बराच वेळ गप्प होतो. एरवी मी अशा वेळी विठ्ठल सगळं बघतो वगैरे काहीतरी बोलले असते. काल नाही बोलले.

मग सिस्टर, तुमचाच प्रश्न विचारला, कोणता दिवस अवघड जातो? तिने लगेच सांगितलं, जणू कुणी विचारायची वाटच बघत होती. मंगळवार आणि शुक्रवार. मुंबई नाक्याजवळ मिस्टरांची फिजिओथेरपी असते चार वाजता. तीन मजले खाली उतरवायला दोन माणसं लागतात. रिक्षावाले थांबायला तयार होत नाहीत. गेल्या महिन्यात आठपैकी तीनच वेळा जाता आलं.

संध्याकाळी आम्ही चौघी बसलो, ग्रुपवर काही टाकलं नाही. फोटो काढून टाकायला सांगितला. कालनिर्णयच्या पानावर पेन्सिलीने नावं लिहिली, दोघी-दोघींची जोडी. मंगळवारी एकीचा मुलगा आणि त्याचा मित्र गाडी घेऊन येणार आहेत. शुक्रवारी आमच्यापैकीच दोघींना त्यांना खाली आणावं लागेल, त्याची थोडी भीती वाटतेय, सगळ्यांचे गुडघे साठीचे.

सिस्टर_जेलरोड

शुक्रवारी मी येते, तीन वाजता त्यांच्या बिल्डिंगखाली. हात-दंड धरून अजिबात उतरवू नका, लुळ्या बाजूचा खांदा निखळू शकतो. हाताची एक भक्कम लाकडी खुर्ची आणि एक लांब सुती ओढणी तयार ठेवा. कुणी कुठे उभं राहायचं ते आधी रिकामी खुर्ची घेऊन एक मजला करून बघू. आणि मुलाच्या मित्राला शुक्रवारीही वेळ आहे का, ते आजच विचारून ठेवा.